सहा फुटी टाकी, पण डाव्या कोपऱ्यात पाणी हलतच नाही. दुसरा फिल्टर घेऊ का?

टाकीवाला
नमस्कार मंडळी, बरेच दिवस रोमात (नुसता वाचत) होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. ठाण्यात राहतो. गेल्या दिवाळीत हौसेने ६ बाय २ बाय २ फुटांची टाकी केली. काच १२ मिमी, खाली लोखंडी स्टँड, खाली वाळू, मधोमध एक भलंमोठं लाकूड आणि त्यावर जावा फर्न नि अनुबियास बांधलेत. डावीकडे व्हॅलिसनेरिया. मासे म्हणजे सहा एंजल, आठ डेनिसन बार्ब (मिस केरला म्हणतात ते) आणि चार लोच. फिल्टर एकच, कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा डबा, नळीने पाणी ओढून गाळून परत सोडतो), खोक्यावर ताशी २००० लिटर लिहिलंय.

प्रॉब्लेम असा की उजवीकडे सगळं झकास आणि डावीकडे लाकडामागे गटार. शब्दशः. घाण तिथेच साठते, वाळूवर निळसर हिरवी साय धरते, बोटाने उचलली तर अख्खी चादर निघते आणि वास असा येतो की विचारू नका. वर पाण्यावर तेलकट तवंग. मे महिना सुरू झाल्यापासून सकाळी उठलो की एंजल वर तोंड करून उभे असतात. आई म्हणते, विहिरीत कासव सोडायचे तसं काहीतरी सोड म्हणजे पाणी हलेल.

दुकानदार म्हणतोय अजून एक तसाच कॅनिस्टर लाव, विषय संपला. साताठ हजाराचा प्रश्न आहे म्हणून विचारतो, खरंच संपेल का?

सुपारी_खांड
घे की लेका. टाकीला एवढे घातलेस, आता फिल्टरला हात आखडता का. दोन फिल्टर असले की एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.
(मी स्वतः फक्त बादलीत खेकडे ठेवतो, तेही तासभर, नंतर रस्सा)

गप्पी_गप्पा
सुपारी, तू गप्प बस.
टाकीवाला, दुकानदार दुसरा फिल्टर विकणारच रे, त्याचं कामच ते आहे. आधी हे सांग: फिल्टरचा आत ओढणारा पाइप कुठे आहे, बाहेर टाकणारा कुठे आहे, स्प्रेबारची (पाणी बाहेर टाकणारी भोकांची नळी) भोकं कोणत्या दिशेला आहेत, लाकूड मागच्या काचेला टेकलंय का, आणि फिल्टर शेवटचा कधी उघडला होतास? खरं सांग, इथे तुझी बायको वाचत नाहीये.

टाकीवाला
बायको शेजारी बसून वाचतेय.
दोन्ही पाइप उजव्या कोपऱ्यात मागे, कारण प्लग तिथे आहे. स्प्रेबार मागच्या काचेवर, उजव्या बाजूच्या दोन फुटात, तोंड समोरच्या काचेकडे. लाकूड मागच्या काचेला टेकलंय, हो. फिल्टर... जानेवारीत उघडला असेल. आत वूल (पाणी गाळायचा कापूस) जरा जास्तच कोंबलंय, पाणी काचेसारखं दिसावं म्हणून.

निवृत्त_पाइपवाला
मी माशांतला तज्ज्ञ नाही, माझ्याकडे नातवाचे गोल्डफिश आहेत. पण कारखान्यात तीसेक वर्षं पंप आणि पाइप हेच केलं, म्हणून चार शब्द.

खोक्यावरचा आकडा विसरा. तो बहुतेक वेळा आत काहीही न भरता, नळी न जोडता मोजलेला असतो. आधी टाकीत पाणी किती ते काढू. ६ गुणिले २ गुणिले २ म्हणजे २४ घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर, झाले साधारण ६८० लिटर. त्यातून वाळू दोन इंच, वरून रिकामी ठेवलेली जागा दोन इंच आणि तुमचं ते लाकूड वजा करा. साडेपाचशेच्या आसपास उरतं. गोड्या पाण्यात फिल्टरमधून ताशी चारपाच वेळा पाणी फिरावं असा ढोबळ हिशोब लोक धरतात, तो काही दगडावरची रेघ नाही.

आता तुमचा फिल्टर खरंच किती फेकतो ते मोजा. दहा लिटरची बादली, मोबाइलवर स्टॉपवॉच. स्प्रेबार काढून नळी बादलीत सोडा, भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ३६,००० ला तेवढ्या सेकंदांनी भागलं की ताशी लिटर मिळतात. मोजल्याशिवाय खरेदी करू नये, एवढंच.

टाकीवाला
काका, मोजलं! २७ सेकंद. म्हणजे १३३३ लिटर. एवढं काही वाईट नाही ना? लादीवर अर्धा लिटर सांडलं आणि त्यावरून जे ऐकलं ते इथे लिहिता येणार नाही.

निवृत्त_पाइपवाला
बादली कुठे ठेवली होती?

टाकीवाला
लादीवर. का?

निवृत्त_पाइपवाला
मग तो आकडा खोटा. टाकीतलं पाणी जमिनीपासून साडेचार फुटांवर, बादली जमिनीवर, म्हणजे पंप बंद असता तरी सायफनने पाणी खाली आलंच असतं. पंपाला उतारावरून ढकलल्यासारखं झालं. कॅनिस्टर खाली स्टँडमध्ये असला तरी त्याला पाणी साडेचार फूट 'चढवावं' लागत नाही, कारण ओढणाऱ्या नळीतलं पाणी तेवढाच भार उलट बाजूने देतं, दोन्हीकडची उंची कटते. त्याला झगडावं लागतं ते फक्त घर्षणाशी, म्हणजे नळीची लांबी, वळणं, आतली घाण, मीडिया (फिल्टरमध्ये भरलेला स्पंज, वूल वगैरे). तेव्हा बादलीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीला धरा आणि पुन्हा मोजा. स्टुलावर स्टूल ठेवू नका, पडाल.

टाकीवाला
कपाटाच्या कप्प्यावर बादली ठेवून मोजलं. ४२ सेकंद. ८५७ लिटर. खोक्यावर २०००. हसावं की रडावं कळत नाहीये.

सुपारी_खांड
बादलीचं तोंड धरायला कोण होतं ते सांग आधी.

गप्पी_गप्पा
बघ. साडेपाचशे लिटरला आठशे, म्हणजे तासाला दीड फेरी. दुसरा फिल्टर आणला असतास तर सहा महिन्यांत तोही तसाच तुंबला असता.

आता हे कर. वूल अर्धं काढून टाक, सैल भर. बाकीचा स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या टाकीतल्याच पाण्यात बादलीत खळबळून घे, नळाखाली धरू नको, क्लोरीनने चांगले बॅक्टेरिया मरतात. आणि पाणी नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्या! सगळे फिल्टर धुतात, नळी कोणी धुवत नाही. आत जो तपकिरी गिळगिळीत थर बसतो ना तो बघितलास तर जेवण जाणार नाही. लांब ब्रश मिळतो स्प्रिंगचा. नाही मिळाला तर माझी पद्धत: तंगूस घे, एका टोकाला नळीत जरा घट्ट बसेल एवढा स्पंजचा तुकडा बांध, दुसऱ्या टोकाला बारीक नट. नट नळीतून खाली सोडायचा आणि मग ओढायचं. दोनतीनदा. बाथरूममध्ये कर, बेसिनमध्ये नको.

अ_मोघम
ती निळसर हिरवी चादर म्हणजे शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया. वास आणि चादरीसारखी निघणं यावरून ओळखता येतं. जिथे पाणी साचून राहतं, कचरा बसतो, तिथे हा आधी येतो. पण नुसता करंटचाच (पाण्याच्या प्रवाहाचाच) दोष नसतो. ज्या टाकीत नायट्रेट अगदी शून्याला टेकलंय तिथेही मी पाहिलाय, आणि जिथे दिवे दहाबारा तास चालू असतात तिथे तर हमखास. तुमचे दिवे किती तास असतात?

उपाय सांगतो: आधी बारीक नळीने सायफन करून चादर ओढून घ्या, हाताने फाडू नका, तुकडे सगळीकडे जातात. मग तीन दिवस दिवे बंद, टाकीवर चादर (पलंगावरची, ही नव्हे). अनुबियास आणि जावा फर्नला काही होत नाही.

बेडूकउडी
एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या टाका दोन, सकाळी साफ. माझ्या चुलतभावाने केलं होतं.

अ_मोघम
बेडूकउडी, कृपया असं नका सांगू. अँटिबायोटिक आहे ते, फिल्टरमधल्या उपयोगी बॅक्टेरियालाही दणका बसू शकतो, आणि मग अमोनिया वाढला की मासे जातात. शिवाय ते पाणी शेवटी गटारातच ओतणार. करंट न सुधारता गोळ्या टाकल्या तर महिन्याभरात चादर परत.

टाकीवाला
दिवे अकरा तास :( आता सात केले.
अपडेट: काल रविवार सगळा बाथरूममध्ये गेला. नळीतून जे निघालं त्याचा फोटो टाकत नाही, लोक जेवायच्या वेळेला धागे वाचतात. तंगूसची आयडिया एक नंबर, ताई. शिवाय स्टँडच्या आत सहासात फूट नळी उगाच गुंडाळून ठेवली होती, 'असू दे, लागेल' म्हणून, आणि एका ठिकाणी तिला चक्क घडी पडली होती. कापून टाकली. पुन्हा बादली, पुन्हा कपाट: २९ सेकंद. १२४१ लिटर! एक रुपया खर्च न करता दीडपट.
पण डावा कोपरा अजून मेलेलाच आहे.

निवृत्त_पाइपवाला
असणारच. किती पाणी येतं हा अर्धाच प्रश्न. ते कुठून कुठे जातं हा बाकीचा.

स्प्रेबार उजवीकडे, तोंड समोरच्या काचेकडे, ओढणारा पाइप त्याच्याच शेजारी. म्हणजे पाणी दोन फूट पुढे जातं, काचेला आपटतं, खाली वळतं आणि लगेच परत पाइपात. आमच्याकडे याला शॉर्ट सर्किट म्हणायचे. उजवी दोन फूट फिल्टर होत्येय, डावी चार फूट नुसती बघत बसल्येय.

स्प्रेबार काढून उजव्या बाजूच्या काचेवर लावा, तोंड लांबीच्या दिशेने डावीकडे, पाण्याच्या पृष्ठभागाला जरासा चाटून जाईल असा. पाणी वरून सहा फूट जाईल, डाव्या काचेवर आपटून खाली वळेल आणि तळातून परत उजवीकडे येईल, तिथे ओढणारा पाइप आहेच. एकच मोठी चक्कर. आणि लाकूड मागच्या काचेपासून तीनचार इंच पुढे घ्या, आत्ता तुम्ही धरण बांधलंय.

स्प्रेबारच्या भोकांचाही हिशोब असतो. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ पाइपच्या तोंडाएवढं किंवा त्याहून थोडं कमी ठेवा. आतून २० मिमीचा पाइप म्हणजे ३१४ चौ.मिमी, ५ मिमीचं एक भोक साधारण २० चौ.मिमी, तर पंधरासोळा भोकं पुष्कळ झाली. लोक उत्साहात चाळीस पाडतात आणि मग पाणी नुसतं ठिबकतं.

गप्पी_गप्पा
काकांना +१. आणि तवंग पण जाईल त्याने, पृष्ठभाग हलला की. सकाळी एंजल वर येतात त्याचं कारणही तेच. रात्री झाडंसुद्धा ऑक्सिजन घेतात, देत नाहीत, म्हणून पहाटे सगळ्यात कमी असतो. त्यात उन्हाळा. २५ डिग्रीला लिटरभर पाण्यात साधारण ८.२ मिग्रॅ ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच. वरून तवंगाचं झाकण. एअरस्टोन लावून बुडबुडे काढतात ना, तर त्या बुडबुड्यांतून पाण्यात फार काही विरघळत नाही, खरं काम होतं ते बुडबुडे वर येताना पाणी वर ओढतात आणि पृष्ठभाग ढवळतात त्याने.

बेडूकउडी
पाणी कुठे जातं बघायला मिथिलीन ब्लू टाका ना, सगळं दिसेल.

गप्पी_गप्पा
सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतील. माझ्या जुन्या टाकीचे अजून आहेत, अनुभवाचे बोल. माशांचं खाणं चुरून पूड कर, चिमूटभर पाण्यात भिजव, सिरिंजने स्प्रेबारसमोर सोड. खोलीतले दिवे बंद करून बाजूने मोबाइलचा टॉर्च मार. एकेक कण कुठे जातो ते दिसतं. आम्ही दोघी मायलेकी सिरियल सोडून ते बघत बसलो होतो.

मांडवीतीर
पणजीहून. माझी टाकी खाऱ्या पाण्याची, चार फुटी, प्रवाळवाली. आमच्यात हिशोबच वेगळा, ताशी वीस ते चाळीस वेळा पाणी फिरायला हवं, कारण प्रवाळ जागचं हलत नाही, त्याचं खाणं आणि घाण दोन्ही पाण्यानेच न्यायला हवं. म्हणून समोरासमोर दोन वेव्हमेकर, आळीपाळीने चालणारे. हे तुम्ही करू नका, एंजल भिंतीला चिकटतील.

पण एक छोटा वेव्हमेकर तुम्हाला लागेलच असं वाटतं, कारण १२०० लिटरची धार सहा फूट जाऊन परत तळातून यायची म्हणजे जीव जाईल तिचा. कॅनिस्टर म्हणजे नळीतून जोर लावून पाणी काढणारा, वेव्हमेकर म्हणजे पाण्यातला टेबलफॅन. प्रेशर काही नाही, पण भरपूर पाणी हळू ढकलतो, म्हणून खोक्यावर ५००० बिनदिक्कत लिहितात आणि वीज पाचसात वॅटच खातो. तो साफ करत नाही काही, फक्त घाण फिल्टरच्या तोंडाशी नेऊन देतो. रबरी सक्शन कपवाला घेऊ नका, सहा महिन्यांत कप कडक होतो आणि मध्यरात्री पडतो. मॅग्नेटवाला घ्या, १२ मिमी काचेला चालेल असा लिहिलेला बघून.

लावायचा डाव्या काचेवर, तोंड उजवीकडे. वरून स्प्रेबार डावीकडे नेतो, खालून हा उजवीकडे आणतो. दोघांना एकमेकांसमोर भिडवू नका.

गप्पी_गप्पा
एंजलसाठी एक आडोसा ठेव पण. त्यांचं अंग पतंगासारखं चपटं नि उंच, संथ पाण्यातले ते. डेनिसन उलट, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या वाहत्या नद्यांमधले, त्यांना करंट हवाच. २०१३ मध्ये त्यांच्या गटाला सह्याद्रिया असं नाव दिलंय, आपलाच डोंगर. निसर्गात ते धोक्यात आहेत, पुढच्या वेळी ब्रीड केलेलेच माग. म्हणजे तुझ्या एकाच घरात एक वामकुक्षीवाला आणि एक मॅरेथॉनवाला आहे.

ओवी१२
मध्येच विचारते, राग मानू नका. आमच्याकडे साताऱ्याजवळ लाइट कधी कधी पाचसहा तास जाते. तेव्हा हे सगळं बंदच ना? माझी तीन फुटी आहे.

मांडवीतीर
ओवी, बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप घेऊन ठेवा, तेवढ्याने मासे तगतात. खाणं घालू नका त्या वेळात. मुख्य गोष्ट, कॅनिस्टर चारपाच तास बंद राहिला तर आतला ऑक्सिजन संपतो आणि पाणी सडायला लागतं. लाइट आल्या आल्या तसाच चालू केला तर ते सगळं टाकीत येतं. आधी उघडून ते पाणी ओतून द्या, मीडिया खळबळून मग लावा.

निवृत्त_पाइपवाला
इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हवालाच जोडा. स्क्वेअर वेव्हवर हे पंप घुं घुं करतात आणि तापतात. आणि सगळ्यांना सांगतो, टाकीच्या प्लगला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून जमिनीवर पडेल, प्लगात जाणार नाही. पाण्यात हात घालायच्या आधी स्विच बंद. हे गमतीचं नाही.

टाकीवाला
वेव्हमेकर आणला, क्रॉफर्ड मार्केटला जाऊन. आता ऐका पराक्रम.

घाण तळाला असते म्हणून मी शहाणपणा करून वाळूपासून चार इंचांवर लावला. ऑन केला आणि झोपलो. सकाळी बघतो तर डावीकडे वाळूत परातीएवढा खड्डा, खालची काच दिसतेय, व्हॅलिसनेरियाची सहा रोपं उपटून पाण्यावर तरंगतायत आणि सगळी वाळू लाकडावर चढून बसलीये. पाणी ताकासारखं. एंजल सहाच्या सहा उजवीकडे वरच्या कोपऱ्यात दाटीवाटीने, लोकलमध्ये दारात उभे असतात तसे. डेनिसन मात्र खूश, रांगेत उभं राहून करंटच्या तोंडावर पोहत होते. आई म्हणाली, "तरी मी कासव सांगत होते."

सुपारी_खांड
आईंना अनुमोदन.

मांडवीतीर
वर घ्या हो. निम्म्या उंचीवर, आणि तोंड थेट समोर नाही, जरासं पुढच्या काचेकडे तिरकं. धार काचेला घासून पसरते, भाला राहत नाही. स्पीड कमीजास्त होत असेल तर सगळ्यात कमीवरून सुरू करा, दोनतीन दिवसांनी एकेक पायरी वाढवा.

टाकीवाला
तीन आठवडे झाले, रिपोर्ट देतो.

वेव्हमेकर निम्म्या उंचीवर, तिरका, तिसऱ्या स्पीडवर. स्प्रेबार काकांनी सांगितला तसा उजव्या काचेवर. लाकूड साडेतीन इंच पुढे, ते हलवायला मेव्हण्याला बोलवावं लागलं. रात्री पूड सोडून टॉर्चने बघितलं: कण वरून डावीकडे जातात, लाकडाच्या मागून एक प्रवाह, पुढून एक, मग खाली येऊन समोरच्या काचेच्या कडेने परत. एक चक्कर पूर्ण व्हायला पावणेदोन मिनिटं. मी आठदा मोजलं, काही गरज नव्हती.

तवंग दुसऱ्याच दिवशी गेला. एंजल पहाटे वर येत नाहीत. चादर सायफन करून तीन दिवस अंधार केला होता, त्यानंतर लाकडामागे परत आलेली नाही, फक्त व्हॅलिसनेरियाच्या मुळाशी रुपयाएवढा डाग आहे, त्याच्यावर नजर आहे. एंजलना लाकडाच्या उजवीकडे फर्नच्या मागे आडोसा सापडलाय, दुपारी तिथेच असतात.

एक गंमत. घाण संपलेली नाही, तिने पत्ता बदललाय. आता सगळी उजव्या पुढच्या कोपऱ्यात, ओढणाऱ्या पाइपापासून सहा इंचांवर, चमचाभर ढीग होऊन बसते. रोज तिथेच.

गप्पी_गप्पा
अरे हेच तर हवं! आधी लाकडामागे होती, हात पोचत नव्हता. आता रविवारी पाणी बदलताना नळी तिथेच धर, दोन मिनिटांचं काम.

निवृत्त_पाइपवाला
पाइपाचं तोंड वाळूपासून किती वर आहे?

टाकीवाला
आठ इंच असेल काका.

निवृत्त_पाइपवाला
दोनवर आणा. तोंडाला जाळी आहे ना? बादली ठेवलीय का अजून कपाटात? महिन्याने परत मोजा, तारीख घालून फिल्टरवर चिकटवा. चाळीस सेकंदांच्या पुढे गेलं की धुवायचं.

टाकीवाला
चिकटवलं. बादली मात्र गेली, तीत आता आईने आळू लावलंय, टाकीचं बदललेलं पाणी त्यालाच घालते. नवीन आणतो.

ओवी१२
काका, तीन फुटीला भोकं किती पाडू? पाइप आतून १५ मिमीचा आहे.

निवृत्त_पाइपवाला
१५ मिमी म्हणजे १७७ चौ.मिमी. चार मिमीचं भोक साडेबारा धरा. बारा ते चौदा पाडा, आधी बाराच. वाटलं तर दोन नंतर पाडता येतात, बुजवता येत नाहीत.